लामदुआनचा निळा ड्रम

लामदुआन गेल्याचा फोन आला, त्या दिवशी माझ्यात सात चिंबोऱ्या होत्या. सातही जणींच्या पोटाखाली अंडी होती आणि ती राखाडी झाली होती. म्हणजे दुसऱ्या दिवशी फुटणार होती.

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. थायलंडच्या दक्षिणेला, खाडीत खांबांवर उभ्या असलेल्या एका घराच्या पडवीत मी राहतो. आधी माझ्यात खारवलेल्या माशांचा रस असे. तो संपल्यावर लामदुआनच्या नवऱ्याने, विचिअनने, करवतीने माझे डोके उडवले. आता कचरा भरणार, असे मला वाटले. पण लामदुआनने मला वाळूने घासले, समुद्राचे पाणी भरले आणि आत हवेच्या छोट्या पंपाची नळी सोडली.

"अंड्यांची चिंबोरी जाळ्यात आली तर विकू नका, मला द्या," तिने गावाला सांगितले. "अंडी फुटली की तुमची चिंबोरी परत."

गाव हसले. शेजारची सायजाय म्हणाली, "ताई, चिंबोऱ्यांचं बाळंतपण करणार तू? मग शेकायला शेगडीही ठेव!"

विचिअनही चिडवायचा. "म्हातारे, घरात नातवंडं नाहीत म्हणून ही पोसतेस काय?"

"तू गप जाळं विण, म्हाताऱ्या."

ती प्रत्येक चिंबोरीच्या पाठीवर मालकाचे नाव लिही. अंडी आधी नारिंगी असत, मग तपकिरी, मग राखाडी होत. आणि एका सकाळी माझे पाणी पेजेसारखे धुरकट दिसे. ती सगळी पिल्ले असत, लाखांनी! लामदुआन ती बादलीत काढी, होडीतून समुद्रातल्या गवतापाशी नेई आणि हळूच ओती. "जा गं बायांनो," एवढेच म्हणे.

चार वर्षांनी किनाऱ्याजवळच्या ओस पडलेल्या जाळ्यांत पुन्हा चिंबोऱ्या येऊ लागल्या. हसणारेच लोक माझ्यासमोर रांग लावू लागले. खरे सांगतो, तेव्हा मी थोडा फुगलो होतो.

मग तो फोन आला. शहरातल्या दवाखान्यात नेलेली लामदुआन परत येणार नव्हती. विचिअन तसाच धावत गेला आणि तिचा देह होडीतून घरी घेऊन आला. संध्याकाळी घर माणसांनी भरले. भिक्खूंच्या पठणासाठी कर्णा लावायचा होता, आणि पडवीत वीज घ्यायला एकच जागा होती. कुणीतरी माझ्या पंपाची पिन काढली. त्यात कुणाची चूक म्हणू? त्या दिवशी माझ्याकडे बघणार कोण?

तिसऱ्या दिवशी विचिअन हात धुवायला आला. त्याने आत पाहिले. सातही जणी मेल्या होत्या. त्याने मला रिकामे केले आणि उपडे घातले.

अकरा महिने मी तसाच होतो. खालून भरती-ओहोटी ऐकू यायची. पाणी इतके जवळ असायचे, आणि माझ्यात एक थेंब नसायचा.

गेल्या आठवड्यात सायजाय एक चिंबोरी घेऊन आली.

"भाऊजी, ही घ्या. तपकिरी अंडी आहेत."

"मला रंग कळत नाहीत."

"ताईला तरी कुठे कळायचे? पहिल्या वर्षी चिखलालाच अंडी समजून चार दिवस बसली होती! घ्या हो."

विचिअन हसला. मग डोळे पुसून त्याने मला सुलटे केले, घासले, भरले. पंपाची पिन हातात घेतली आणि तो थांबला. त्या एकाच जागी आता लामदुआनच्या फोटोपुढचा विजेचा दिवा लावलेला असतो. तो त्याने एकदाही विझू दिलेला नाही.

"शहरात दोन पिना बसतील असा बोर्ड मिळतो," सायजाय म्हणाली.

"उद्या आणतो."

पण शहरातल्या ज्या धक्क्यावरून त्याने तिला घरी आणले, त्या धक्क्यावर तो पुन्हा उतरलेला नाही. म्हणून तो माझ्याजवळ बसतो. डबा भरतो, उंचावरून पाणी सोडतो, पुन्हा भरतो. पडणाऱ्या पाण्याबरोबर हवा आत येते. तो जेवायला उठला की सायजाय बसते आणि म्हणते, "भाऊजी, हात मोडेल हो."

मित्रांनो, तुमच्या बाजारात पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी दिसली, तर ती घेऊ नका. विकणाऱ्या मावशीला माझी गोष्ट सांगा. आणि पिन काढण्याआधी ती कशाची आहे, एवढे बघा.

आज सकाळी अंडी राखाडी झाली. विचिअनने लामदुआनची बादली धुऊन ठेवली आहे. बोर्ड अजून आणलेला नाही.