शंभरातले सहा दिवस

मी सांगतो ते तुमच्यातला कोणी खरं मानणार नाही. पण मी, पेडण्याचा यशवंत, ज्याच्या तोंडाला बसेल असं कुलूप अजून कोणी घडवलं नाही, तो एकदा शंभर दिवस अक्षरही बोललो नव्हतो.

"शंभर मिनिटं म्हणा, यशवंतबाब," सगुण म्हणाला.

आम्ही मांद्र्याला माझा मेव्हणा जयराम याच्या सोप्यावर बसलो होतो. माझ्या बायकोचा, मालतीचा बारावा होता. जेवणं उरकली होती आणि शेजारी सगुणपासून जयरामपर्यंत कोणालाच काय बोलावं ते सुचत नव्हतं. अशा वेळी मी बोलतो. शेवटची आठ वर्षं मालती या घरात राहिली, माझ्या घरात नाही. ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी विचारत नव्हतं. आमची मुलगी कमलाक्षी चौकटीला टेकून विडे लावत होती. तिच्या भुवईवर एक जुना वण आहे.

त्या वणापासूनच सुरुवात करतो, म्हटलं.

राजभाषेच्या भांडणाचे दिवस. अर्धा गाव मराठीच्या बाजूने, अर्धा कोंकणीच्या. मी दोन्ही बाजूंनी भांडायचो, सकाळी एका, संध्याकाळी दुसऱ्या. डिचोलीच्या खाणीवर मी ट्रक चालवायचो. तिथे वादात हरलो की तो राग घरी घेऊन यायचो. एकदा पेजेची वाटी भिरकावली. भिंतीवर मारली होती, पण मध्ये कमलाक्षी होती. नऊ वर्षांची. रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली.

त्या महाशिवरात्रीला देवळात गेलो आणि शंभर दिवसांचं मौन घेतलं. राग तोंडातून बाहेर पडतो. तोंड मिटलं की आतल्या आत गुदमरून मरेल, असा माझा समज.

"आणि मेला?" सगुणने विचारलं.

ऐक तर. बाजारात मासळीवालीने बांगड्यांचा भाव सांगितला. मी गप्प. तिने उतरवला. मी गप्प. उतरवत उतरवत शेवटी तिने बांगडे फुकट माझ्या पिशवीत टाकले, वर दोन सुंगटं, म्हणजे कोळंब्या, घातली आणि रडत निघून गेली. ट्रकमध्ये हॉर्न दाबला तर हॉर्नसुद्धा वाजेना, मालक मौनात आहे म्हणून. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी मला आपल्यात ओढलं. एक म्हणे, हा शुद्ध मराठीत गप्प आहे. दुसरा म्हणे, ना रे, तो कोंकणींत ओगी रावला.

सोप्यावर थोडं हसू फुटलं. जयराम हसला नाही.

लोक मला मौनीबाब म्हणू लागले. घरी येऊन पाया पडू लागले, कोणी हार घातला. खोटं कशाला सांगू, मला ते आवडू लागलं. आणि राग? त्याला दुसरी वाट सापडली. मी कमलाक्षीची शाळेची पाटी घेतली होती. हवं नको ते तिच्यावर लिहायचो. मालतीला वाचता येत नव्हतं, म्हणून पोर वाचून दाखवायची. 'आमटी खारट.' 'तुला अक्कल नाही.' नऊ वर्षांच्या पोरीने हे स्वतःच्या आईला वाचून दाखवायचं. पेन्सिली मोडायच्या, पण आवाज होत नव्हता. मला वाटायचं, मी जिंकलो.

कमलाक्षी विड्याचं पान पुसत राहिली. तेच पान.

गोवा वेगळं राज्य झालं तो माझा चौऱ्याण्णववा दिवस. बाहेर फटाके वाजत होते. जयराम निरोप घेऊन आला होता की सासूबाईंना बरं नाही. मालतीने पिशवी भरली. कमलाक्षीला हाताला धरलं, उंबऱ्यावर थांबली आणि म्हणाली, "येतंय हां."

आता तुम्हाला काय सांगायचं. आपल्याकडे निघणारं माणूस 'जातंय' म्हणत नाही. येतंय म्हणतं आणि घरातलं कोणी 'ये' म्हटल्याशिवाय पाऊल बाहेर टाकत नाही. 'ये' ऐकल्याशिवाय निघतं ते फक्त मेलेलं माणूस.

मालती थांबली होती. पुन्हा म्हणाली, "अहो, येतंय मी."

"मग?" सगुणच्या आवाजात आता थट्टा नव्हती.

मी काय केलं ते शेवटी सांगतो. ती गेली एवढं खरं. शंभर दिवस पुरे झाले आणि मी तिला आणायला इथेच आलो, याच अंगणात. शंभर दिवसांनंतरचा पहिला शब्द बोलायचा होता. वाटभर तो तोंडात घोळवत आलो, ये, ये, म्हणत. ती विहिरीवरून कळशी घेऊन आली. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "इतके दिवस इथे बसून काय करतेस गे?" तेही ओरडून. राग मेला नव्हता, जयराम. आत बसून पोसला होता.

"तेव्हा ती मला म्हणाली," जयराम पहिल्यांदाच बोलला, "दादा, त्या घरातून मला ये म्हटलं नाही. मी कशी जाऊ?"

तिथेच तर गफलत झाली, मी म्हटलं. मी म्हटलं होतं. तोंडाने नाही, व्रत होतं. पण पाटी उचलली आणि भलंमोठं 'ये' लिहून तिच्यासमोर धरलं. तिला वाचता येत नव्हतं, त्याला मी काय करू? आठ वर्षं मी हेच मनाशी म्हणतोय. एक अक्षर तिला आलं असतं तर आज ती माझ्या घरातून गेली असती.

सगुणने मान हलवली. बायकांपैकी कोणीतरी हळहळलं.

कमलाक्षीने पान तबकात ठेवलं.

"पाटीवर 'ये' नव्हतं, बाबा," ती म्हणाली. "सहाचा आकडा होता. अजून सहा दिवस. आईला मीच वाचून दाखवला."