मीठमोहरीतलं नाव

"मीठ-मोहरी, लाल मिरची, नजर कुणाची, सांग कुणाची? इंदीची गं इंदीची."

इतक्या वर्षांनंतरही तो आवाज इंदुमतीच्या कानात तसाच होता. शेजारच्या अंगणातला, गोड, सुरेल. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या गावात दिवेलागणीला बाया लेकरांची दृष्ट काढायच्या, त्यात तिचं नाव गुंफायच्या आणि मिरच्या चुलीत तडतडल्या की समाधानाने घरात वळायच्या. शेजारचं एक पोर तापाने गेलं आणि भगताने इंदीला डाकीण ठरवलं. दिराचा तिच्या विहिरीकाठच्या रानावर डोळा होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण गाण्यात ते कुणी गायलं नाही. हातपंपावर तिचा हंडा लाथाडला गेला. मग घरावर दगड आले, तशी शंकरने बायको आणि कडेवरची देवयानी घेऊन दिल्लीची गाडी धरली.

दिल्लीने तिला काही विचारलं नाही. दुधाच्या रांगेतल्या बाया "आंटीजी, थोडा आगे हो जाओ" म्हणून बिनधास्त तिच्या खांद्याला खांदा लावायच्या. त्या धक्क्यांचंही तिला पहिली काही वर्षं अप्रूप वाटायचं.

आणि आज आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरसमोर, हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, तिच्या नातीचं बारसं होतं. देवयानी मंत्रालयातली अधिकारी, त्यामुळे निम्मं ऑफिस आलं होतं. पाळणा झेंडूने मढला होता. जावई यतीन आणि शंकर मिळून चहाची किटली फिरवत होते आणि कमी साखर कुणाला यावरून एकमेकांशी वाद घालत होते. पाळणा म्हणायला कुणालाच येत नसल्याने यतीनच्या बहिणीने, प्रणिताने, मोबाइलवर लावला होता. सूर लागला न लागला तोच मध्येच रंगाच्या डब्याची जाहिरात सुरू झाली.

"चलो, भिंतीपण रंगवून घेऊ यार," कुणीतरी म्हणालं आणि हसण्याची लाटच उठली.

इंदुमती स्वयंपाकघराच्या दारातून हे बघत होती. हात पिठात. हात नेहमी कशात तरी असायचे. बाळ घरी आल्यापासून तिने कधी कणीक मळली, कधी भांडी घासली, कधी सर्दीचं निमित्त केलं. बाळाचे लंगोट धुतले, दुपटी शिवली, डिंकाचे लाडू वळले. फक्त बाळाला घेतलं नाही. गावातलं ते तापाने गेलेलं पोरही असंच होतं, इवलंसं. आपल्या हातांत खरंच काही असलं तर?

तेवढ्यात विहीणबाई, सुरेखाबाई, बाळाला घेऊन आत आल्या. मागोमाग देवयानी.

"विहीणबाई, चला. पाळण्याखालून बाळ घ्यायला दुसऱ्या बाजूला तुम्ही हव्यात. आणि आधी दृष्ट काढा. बाहेर अख्खं मंत्रालय टक लावून बसलंय."

"माझे हात..."

"धुवा."

"प्रणिताला घ्या ना. मी इथलं बघते."

सुरेखाबाईंचा चेहरा पडला. मग त्या बोलल्याच. "एक विचारू? मुलगी झाली म्हणून नाराज आहात का? मी रोज बघते. लेकरू रडून लाल होतं आणि तुम्ही पोळ्या लाटता. आमच्याकडे तर हिच्या येण्याने दिवाळी झाली. तुमच्या मनात काय आहे ते एकदा कळू दे."

"अहो आई, असं नाही," देवयानी म्हणाली. पण तिची नजरही तोच प्रश्न घेऊन आईकडे वळली होती.

ती नजर इंदुमतीला सोसवली नाही. तिने नळ सोडला, हात धुतले, पदराला पुसले. पुन्हा धुतले.

"आमच्या गावात दृष्ट काढताना नाव घेतात," ती म्हणाली. "ज्या बाईची नजर लागली तिचं. घराघरांत माझंच घ्यायचे. मला डाकीण ठरवलं होतं, विहीणबाई. म्हणून गाव सुटलं. बाबांची नोकरी वगैरे नंतरचं गं, देवू."

नळ थेंबथेंब गळत राहिला. बाहेर कुणीतरी प्रणिताला दुसरं गाणं लावायला सांगत होतं.

देवयानी ओट्याला टेकली. "आणि तू हे मला..."

"तुझ्या शाळेत, ऑफिसात कळलं असतं तर? एकदा चिकटलं की निघत नाही ते."

सुरेखाबाईंनी बाळाकडे पाहिलं. त्या दर शनिवारी देवाला तेल घालणाऱ्या, पापणी फडफडली की घरी बसणाऱ्या. त्यांनी जवळचं स्टूल पायाने पुढे ओढलं.

"बसा," त्या म्हणाल्या. इंदुमती बसली. सुरेखाबाईंनी वाकून बाळ तिच्या मांडीवर ठेवलं, दुपट्याचं टोक नीट खोचलं आणि मगच विचारलं, "पण खरं सांगा हं. होता का तुम्ही?"

"आई, काय विचारताय हे?" देवयानीचा आवाज चढला.

"अगं, विचारू दे. त्या लोकांनी विचारलं असतं तर बिचारीला गाव सोडावं लागलं असतं का?"

इंदुमती थबकली. खरंच की. भगताने सांगितलं, दिराने ओरडून सांगितलं, बायांनी गाऊन सांगितलं. शंकरने काही न बोलता गाठोडं बांधलं. विचारलं मात्र कुणीच नव्हतं. तिने स्वतःलाही नाही.

मांडीवर ऊब पसरत होती. बाळाने जांभई दिली, नाक सुरकुतलं, आणि आजीच्या हाताचं बोट घट्ट धरून ते तोंडाकडे ओढू लागलं. तोंडापर्यंत पोचेना म्हणून चिडलं. इंदुमतीला हसू फुटलं. आधी बारीक, मग खांदे हलवणारं, मग डोळ्यांतून वाहणारं.

"नाही हो विहीणबाई," ती म्हणाली. "ते पोर तापाने गेलं. मी काही केलं नव्हतं. त्याच्या कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवायला गेले होते मी."