एकच थाप

शिक्षकांच्या खोलीत भाषेच्या बाईंना ‘थापाबाई’ म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. शुक्रवारच्या शेवटच्या तासाला त्या नववीच्या मुलांना परग्रहांच्या, जादूच्या, यंत्रमानवांच्या गोष्टी वाचायला देत आणि तशाच लिहायला लावत. त्याच वर्षी बदलून आलेले विज्ञानाचे सर हा तास आपल्याला मिळावा म्हणून हात धुऊन मागे लागले होते. परीक्षा तोंडावर आलेली आणि पोरं उडत्या शहरांत रमलेली, हे त्यांच्या डोक्यात जायचं. शाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या बाई या रोजच्या कटकटीला कंटाळल्या. एकदा स्वतः बसून बघा, त्या म्हणाल्या, वायफळ वाटला तर तास तुमचा.

सर खूश झाले. मुलं त्यांना ‘सिद्ध करा सर’ म्हणत, कारण बाहेर पाऊस पडतोय असं कुणी सांगितलं तरी ते खिडकीशी जाऊन खात्री करून घेत. अशा माणसाला थापांचा न्याय करायला बसवलं, म्हणजे निकाल आधीच लागल्यासारखा होता.

शुक्रवारी ते गुडघे दुमडून मागच्या बाकावर बसले. बाईंनी एक कोरा कागद त्यांच्याही पुढे ठेवला. या तासाला बघे नसतात, बसेल त्याने लिहायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. दुसरा शिरस्ता त्याहून कडक. गोष्टीत थाप एकच मारायची, बाकी सगळं तंतोतंत खरं हवं. वाचून झालं की वर्गाने ती थाप पकडायची, आणि दुसरी सापडली तर गोष्ट बाद.

पहिली गोष्ट एका उंच मुलाची होती. त्याच्या शहरात आवाज एक दिवस उशिरा पोचायचा. तिथली भांडणं आठवडाभर चालत, कारण उत्तर यायला दुसरा दिवस उजाडे. आया तान्ह्या बाळाच्या छातीवर हात ठेवून झोपत, कारण रडणं ऐकू येईपर्यंत फार उशीर झालेला असे. सर लिहायचे थांबले. ध्वनीच्या धड्याला हेच पोर चक्क घोरत होतं.

तेवढ्यात दोन वेण्यांची एक मुलगी उठली. गोष्टीत फाटक करकरल्यावर कुत्रा लगेच भुंकला, मग त्याला आजचं आजच कसं ऐकू आलं, असं तिने विचारलं. गोष्ट बाद. मुलगा हिरमुसलासुद्धा नाही, कुत्र्याला वास यायला हवा होता, असं म्हणत खोडू लागला. मग वर्गात जुंपली. तिथे गाणारा ताल कसा धरेल, फटाका आधी दिसेल की नाही, असे प्रश्न सरांकडे येऊ लागले. सर कधी फळ्याशी पोचले ते त्यांनाच कळलं नाही. बाईंनी खडू त्यांच्या हातात दिला आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसल्या. आपल्या वर्गात दुसऱ्याला असं मोठं होऊ द्यायला जिगर लागते, हे सरांना पटलं, आणि त्यांनी मनातल्या मनात बाईंना हात जोडले.

मग सरांची पाळी आली. त्यांनी जेमतेम काही ओळी लिहिल्या होत्या. प्रयोगाची कृती वाचावी तशा कोरड्या आवाजात त्यांनी त्या वाचल्या.

“शाळा सुटल्यावर मी भाजी घेऊन घरी जातो. जिना चढतो. पिशवी डाव्या हातात घेतो, खिशातून किल्ली काढतो. माझी बायको दार उघडते. आज उशीर झाला, म्हणते. मी दोघांचा चहा टाकतो.”

वर्ग बुचकळ्यात पडला. यात थापच नाही, सरांना नियम कळलेला दिसत नाही, अशी कुजबुज झाली. सर चहा टाकतात हीच थाप, असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. सरही हसले. दोन वेण्यांची मुलगी तेवढी हसली नाही.

“सर,” ती हळूच म्हणाली, “दार उघडायला आत कुणी आहे, तर मग किल्ली कशाला काढली?”

सरांनी कागदाकडे पाहिलं. खरं लिहायच्या सवयीने ती किल्ली आपोआप आली होती. या शाळेत त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

“ती मागच्या वर्षी गेली,” ते म्हणाले. “म्हणजे माझी गोष्ट बाद.”

मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, तूच सांग अशी.

“बाद नाही, सर. किल्ली खरीच आहे ना. थाप एकच आहे.”

सरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. उंच मुलाने आपल्या बाटलीतलं पाणी त्यांच्यापुढे ठेवलं.

तास संपल्यावर मोठ्या बाई व्हरांड्यात उभ्याच होत्या. पुढच्या शुक्रवारपासून तास तुमच्या नावावर टाकते, म्हणाल्या.

“नको. तो त्यांचाच राहू द्या.”

मोठ्या बाई चकित झाल्या. इतके दिवस डोकं खाऊन आता नको? असं शिकवतात तरी काय तिथे?

“एक गोष्ट बदलली की बाकीचं सगळं कसं बदलत जातं, ते,” सर म्हणाले. “माझ्या घरी वर्षभर तेच चाललंय, बाई. मला ते कुणाला सांगता येत नव्हतं.”