कुंपणावरच्या वठलेल्या झाडातली टकटक

मित्रांनो, मी एक म्हातारा सुतारपक्षी आहे. असे म्हणताना मला संकोच वाटतो, कारण मला पाहून कोणाचा विश्वास बसत नाही. मी तुमच्या मधल्या बोटाएवढा. पोट गेरूच्या रंगाचे, कपाळावर थोडे लाल ठिपके. मोठे सुतारपक्षी शेपटीचा टेकू देऊन खोडावर ताठ बसतात. माझी शेपटी मऊ आहे, तिचा टेकू होत नाही. म्हणून मी वाळलेल्या बारीक फांद्या टोकरतो आणि आतल्या मुंग्या, अळ्या खातो. माझी टकटकही हळू असते.

ब्राझीलच्या ईशान्येला, पेर्नांबुकोच्या टेकड्यांवर माझा जन्म झाला. तेव्हा रान टेकडी उतरून खालपर्यंत जायचे. मग खालून ऊस वर चढत आला आणि रानाचे तुकडे झाले. माझ्या आईने मला उडण्याआधी संशय घ्यायला शिकवले. ती म्हणायची, "माणूस कुऱ्हाड घेऊन आला तर उडून जा. रिकाम्या हातांनी आला, तर कुऱ्हाड कुठे लपवली आहे ते बघ."

मी आयुष्यभर तेच केले. एकदा दुर्बीण घेऊन आलेल्या एका बाईने "किती दुर्मिळ, किती सुंदर!" असे माझे कौतुक केले. मला वाटले, ही आता जाळे काढणार. तिने काढले नाही. पण नंतर कोणी विचारायलाही आले नाही.

रान सरले तेव्हा मी आणि माझ्या जोडीदारणीने दोन शेतांच्या कुंपणावरच्या एका वठलेल्या झाडात घर कोरले. जिवंत लाकूड आमच्या चोचीला कठीण, म्हणून आम्हाला मेलेलेच झाड लागते. तिथल्या तिसऱ्या पावसात आत दोन पिल्ले होती.

कुंपणाच्या एका बाजूला दोना झुल्मीरा राहायच्या, दुसऱ्या बाजूला सेउ अनाक्लेतो; आमच्याकडे मानाने बाईला दोना आणि पुरुषाला सेउ म्हणतात. आमच्याकडे कुंपण ओल्या फांद्या रोवून करतात. पावसात त्या फांद्या मूळ धरतात, पाने फुटतात. त्यामुळे एखादी फांदी रात्रीतून हातभर सरकवून रोवली, तर महिन्याभराने ती जन्मापासून तिथेच होती असे वाटते. म्हणून आमच्याकडचे शेजारी पावसाळ्यात कान टवकारून झोपतात.

आणि त्यांना रोज पहाटे ऐकू यायची टकटक.

"काय हो सेउ अनाक्लेतो, पहाटे पहाटे काय ठोकता?" दोना झुल्मीरा कुंपणावरून विचारायच्या. "झोप येत नाही, की माझी जमीन झोपू देत नाही?"

"मी ठोकतो? स्वतःची मोगरी लपवा आधी!" ते म्हणायचे. "तुमच्या नवऱ्यालासुद्धा सरळ रेघ कधी जमली नाही. देव त्याला शांती देवो."

"माझ्या मेलेल्या नवऱ्याला मध्ये आणू नका. तो तुमच्यापेक्षा सरळ आहे, आडवा पडलाय तरी!"

मी हे सगळे ऐकायचो. टकटक आमची आहे, हे मला ठाऊक होते. पण सांगणार कसा? आणि सांगता आले असते, तरी माणसांना सांगण्याची माझी हिंमत झाली असती, असे मला वाटत नाही.

मग संत जुआंवचा सण आला. त्या संध्याकाळी प्रत्येक दारापुढे होळी पेटते, मक्याची कणसे भाजतात. पावसात कोरडे लाकूड मिळणे कठीण. दोघांचीही नजर आमच्या झाडावर गेली. जो झाड तोडेल, त्याची हद्द झाडापर्यंत, असा दोघांचाही हिशेब होता.

सणाच्या दिवशी पहाटे दोघेही कुऱ्हाडी घेऊन आले. आधी चोराला टकटक करताना पकडायचे आणि मग झाड पाडायचे, असा बेत. दोघे एकाच वेळी कुंपणाशी पोहोचले आणि एकमेकांकडे बघत थिजले.

मी फांदीला चिकटून गप्प बसलो. मनात म्हणत होतो, आता कोणी आवाज करू नका. पण पिल्ले भुकेली होती. माझी जोडीदारीण वरच्या फांदीवर आली आणि टोकरू लागली.

टक टक टक.

दोना झुल्मीरांनी सेउ अनाक्लेतोंच्या हातांकडे पाहिले. त्यांनी यांच्या हातांकडे. मग दोघांनी वर पाहिले.

"अरे देवा," सेउ अनाक्लेतो म्हणाले. "हा एवढासा?"

"तीन वर्षं मी तुम्हाला शिव्या देतेय," दोना झुल्मीरा म्हणाल्या.

"लाकूड तर लागेलच," असे म्हणत सेउ अनाक्लेतोंनी कुऱ्हाड उचलली.

"थांबा!" दोना झुल्मीरा कडाडल्या. "झाड उभं राहू द्या. टकटक झाली तर म्हणेन, पक्षी आहे. झाड गेलं आणि टकटक झाली, तर मी समजेन, तुम्हीच!"

सेउ अनाक्लेतोंनी कुऱ्हाड खाली टेकवली. मग हळूच म्हणाले, "हेच मीही तुमच्याबद्दल म्हणू शकतो."

"म्हणा की."

त्या संध्याकाळी लाकूड कमी पडले, म्हणून दोन दारांत मिळून एकच होळी पेटली. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोघांनी हात धरून ती ओलांडली आणि एकमेकांचे कोम्पाद्रे आणि कोमाद्रे झाले. असे मानलेले नाते रक्ताच्या नात्यासारखे पाळावे लागते. धूर आमच्या ढोलीपर्यंत आला, पण पिल्ले वाचली.

मित्रांनो, मी गप्प राहिलो, तसेच सगळे राहिले असते, तर कुऱ्हाड पडली असती. तेव्हा माझ्या आईचे शिकवणे अर्धेच बरोबर होते की काय, असे मला अलीकडे वाटते. नक्की सांगता येत नाही. एवढेच मागतो, की वठलेले झाड दिसले तर कुऱ्हाड उचलण्याआधी खोडाला कान लावा. ते आमच्यासाठी मेलेले नसते.

कोम्पाद्रे आणि कोमाद्रे आता एकमेकांकडे कणसे पाठवतात. त्यांची मैत्री वाढत चालली आहे, आणि मला काळजी वाटते. एक दिवस त्यांचा एकमेकांवर पूर्ण विश्वास बसेल आणि मग झाडाची गरज उरणार नाही. म्हणून रोज पहाटे, भूक नसली तरी, मी थोडे जोरातच टोकरतो.