मागच्या सीटचं वजन

गेर्नोट थीलेनने गाडीची चाकं निवडायला दोन वर्षं लावली आणि जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगरातल्या त्या गावात याचं कुणालाच नवल वाटलं नाही. गेर्नोट जमीन मोजणी खात्यात होता. बोटभर कुंपण सरकलं म्हणून सख्खे शेजारी एकमेकांच्या मयताला जात नाहीत, हे त्याने तीस वर्षं पाहिलं होतं. त्यामुळे मोजल्याशिवाय तो पाऊल टाकत नसे.

गाडी राखाडी, ठेंगणी, दोन दारांची, इंजिन पाठीमागे. गावापासून दहा मिनिटांवर शर्यतीचा जुना रस्ता होता आणि रविवारी तिकीट काढून कुणालाही तिथे गाडी पिटाळता येई. गेर्नोट दर रविवारी चार फेऱ्या मारी, घरी येऊन गाडी पुसून ठेवी आणि मग जेवी. कंपनीची चाकं अठरा इंची होती. त्याला वीस इंची हवी होती.

पहिलं वर्ष रिममध्ये गेलं. पाच काड्यांची की दहा काड्यांची, साच्यात ओतलेली की ठोकून घडवलेली. नमुन्याची रिम त्याने न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली, मग स्वतः रिम हातात घेऊन काट्यावर उभा राहिला आणि दोन्ही आकडे वहीत लिहिले. दुसरं वर्ष टायरमध्ये गेलं. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर रुंदीला सारखे नसतात हे कळल्यापासून त्याची झोप उडाली होती. त्यातून शर्यतीचा टायर कोरड्या रस्त्याला चिकटतो पण पाण्यावर घसरतो, आणि साधा टायर दोन्हीकडे बरा असतो, म्हणजे कुठेच उत्तम नसतो.

टायरवाला हुबर्ट त्याचा शाळेपासूनचा मित्र. एकशे आठ किलोचा आणि तोंडाचा फाटका. वीस इंची रिमचं चित्र पाहून तो म्हणाला होता, "नाकापेक्षा मोती जड होतोय बघ." टायरचा घोळ आठ महिने चालल्यावर मात्र तो कंटाळला.

"तू पावसात गाडी बाहेर काढतोस का?"

"नाही."

"एकदा तरी काढलीस?"

"नाही."

"मग पाण्याची काळजी बेडकांना करू दे. शर्यतीचा घे."

गेर्नोटने शर्यतीचा घेतला. पण पावसात गाडी न काढल्याचा एक हिशेब त्याच्या मनात नऊ वर्षं सलत होता. गाडी नवीन होती तेव्हा त्याची मुलगी स्वेन्या शाळेची शेवटची परीक्षा पास झाली. संध्याकाळी निरोपाचा समारंभ होता. तिने पांढरा झगा शिवून घेतला होता आणि बाबा सोडायला येणार म्हणून मैत्रिणींना सांगितलं होतं. दुपारी पाऊस लागला. गेर्नोटने आभाळाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि पोरीला बसचं वेळापत्रक काढून दिलं.  झगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखवून ती समारंभाला गेली आणि त्यानंतर त्या गाडीत कधी बसली नाही. आता ती कोब्लेंझ शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती. नाताळला येई, तेही दोन बस बदलून. स्टँडवरून आणायला येऊ का, असं गेर्नोट दरवर्षी विचारी आणि ती दरवर्षी नको म्हणे.

चाकं आली. हुबर्टने ती चढवली. दोघं बराच वेळ लांब उभे राहून बघत राहिले आणि हुबर्टलाही टोमणा सुचला नाही, इतकी ती शोभत होती. आता राहिली तपासणी. बाहेरची चाकं गाडीच्या कागदांवर चढल्याशिवाय रस्त्यावर आणायची नाहीत हा तिथला कायदा, आणि तिथली माणसं तो पाळतात. तपासणीच्या प्युट्झबाई दर गुरुवारी हुबर्टच्याच गॅरेजात येत. त्यांनी फोनवर बजावलं, की गाडी पूर्ण भरलेली हवी, पुढे दोघं, मागे दोघं. माणसं नसतील तर वाळूची पोती चालतील.

वाळू आणि आपल्या सीटचं कातडं! गेर्नोटच्या अंगावर काटा आला. हुबर्ट म्हणाला, पुढे मी बसतो, मागे माझी बटाट्यांची पोती टाकू, बटाटा काही कातडं ओरखडत नाही. भावाच्या शेतावरून आलेली दोन पोती गॅरेजच्या कोपऱ्यात उभीच होती. गेर्नोटने दोन्ही पोती पाहिली.

"एक पुरे," तो म्हणाला. "दुसरीकडे माणूस बसवतो."

"कोण माणूस?"

गेर्नोट तडक घरी गेला आणि त्याने कोब्लेंझला फोन लावला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात त्याने दहा मिनिटं घालवली. इस्पितळाचं विचारलं, हवेचं विचारलं, बसच्या नव्या वेळा तिला वाचून दाखवल्या. शेवटी म्हणाला, "गुरुवारी तुला सुट्टी असते ना?"

"असते. का?"

"एक तांत्रिक काम आहे. मागच्या सीटवर एक माणूस लागतंय."

"कुणाच्या मागच्या सीटवर?"

"माझ्या."

 मग स्वेन्याने विचारलं, "किती किलोचं माणूस हवंय?"

"पंचाहत्तर."

"मी बासष्ट आहे."

"जाड कोट घालून ये," गेर्नोट म्हणाला.

गुरुवारी ती आली, जाड कोट घालूनच. अंग चोरून, मान वाकवून मागे शिरली. शेजारच्या सीटवर पोतं ठेवून गेर्नोटने त्याला पट्टा लावला. तो स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि शेजारी हुबर्ट बसला तशी गाडी खाली दबली. प्युट्झबाईंनी पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक ठोकळ्यांवर चढवायला लावलं आणि त्या बॅटरी घेऊन मागच्या उजव्या मडगार्डपाशी वाकल्या. गाडी जराशी पुढेमागे करायला सांगितली. कागद फाटावा तसा बारीक आवाज आला.

"घासतंय," बाई म्हणाल्या. "चार मिलिमीटर कमी पडताहेत."

गेर्नोटने सगळी मापं स्वतः घेतली होती, तीन-तीनदा, चालकासकट. चालक म्हणजे तो एकटा. मागे कुणी बसलं तर गाडी किती दबेल, हा प्रश्न दोन वर्षांच्या वहीत एकाही पानावर नव्हता, कारण मागे कुणी बसत नव्हतं. ते त्याला आत्ता कळलं आणि लाज वाटली.

"दोन मार्ग आहेत, थीलेनसाहेब," प्युट्झबाई म्हणाल्या. "जुनी चाकं परत लावा. नाहीतर मागच्या दोन सीट कागदांवरून कमी करू. गाडी दोघांची झाली की भार कमी धरता येतो, चाकं आजच पास. बरेच जण असंच करतात. इथे सही करा."

त्यांनी अर्ज पुढे केला. गेर्नोटने पेन हातात घेतलं.

"करून टाका, बाबा," मागून स्वेन्या म्हणाली. "इथे कोण बसतंय?"

ती टोचून बोलली नव्हती. साधं, खरं ते बोलली होती, आणि म्हणूनच ते त्याच्या काळजाला लागलं. त्याने आरशात पाहिलं. पोरीची मान छताला टेकली होती आणि शेजारी पोतं निवांत बसलं होतं.

"सीट राहू द्या," तो म्हणाला. "चाकं काढा."

"दोन वर्षं, गेर्नोट," हुबर्ट हळू आवाजात म्हणाला.

"काढ."

हुबर्टने चाकं काढली. वीस इंची चाकं भिंतीला टेकून उभी राहिली आणि जुनी अठरा इंची, साध्या टायरची, परत चढली. तेवढ्यात बाहेर पाऊस लागला, आयफेलमधला तिरपा, गार पाऊस. स्वेन्या बस पाहायला फाटकापर्यंत जाऊन भिजून परत आली. बसला चाळीस मिनिटं होती.

गेर्नोटने पुढचं दार उघडून धरलं.

"बस. कोब्लेंझला सोडतो."

"पाऊस पडतोय, बाबा."

"दिसतोय मला." मग गाडीच्या टपाकडे बघत तो म्हणाला, "त्या दिवशीही सोडायला हवं होतं. चुकलं माझं."

ती त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसली. गाव मागे पडलं. चिखल दारांपर्यंत उडत होता. साधे टायर पाणी नीट कापत होते.

"हुबर्टकाकांच्या कोपऱ्यात अजून एक पोतं होतं," स्वेन्या म्हणाली.

"होतं."

"किती किलोचं?"

गेर्नोटने वायपरचा वेग वाढवला.

"ते मी मोजलंच नाही," तो म्हणाला.

 स्वेन्याने ओला कोट काढला आणि मागच्या सीटवर टाकला. कातड्यावर पाणी ओघळत असणार हे गेर्नोटला ठाऊक होतं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.