तुरटीखालची शेव

रामकुंडावर बत्तीस वर्षं मी लोकांची डोकी भादरली. माणूस गेला की दहाव्या दिवशी घरचे पुरुष घाटावर येतात. आधी माझ्यापुढे मान वाकवतात, मग गुरुजींपुढे. म्हणून माझा मान मोठा, असं मी गुरुजींना आठवड्यातून एकदा तरी सुनवायचो. सत्त्याहत्तर साली दिवाळीनंतर माझा हात थरथरायला लागला आणि ही सगळी फुशारकी गोदावरीत वाहून गेली.

पहिल्या गिऱ्हाइकाच्या टाळूवर तीन चिरा पडल्या. तो बापाच्या दुःखात होता, काही बोलला नाही. दुसरा बोलला, आणि माझ्या आईपासून सुरुवात करून बोलला. घाटावर कुणी कुठे बसायचं हे आमचे गुरुजी ठरवत. ते म्हणाले, "लहानू, अमावस्येपर्यंत हात ठिकाणावर आण. नाहीतर तुझी पायरी दुसऱ्याला." पायरी गेली की मी गेलो. वस्तरा काढून घेतला तर लहानू म्हणजे नुसतं तोंड, आणि तोंडाला कोण विचारतं?

मग लोक भेटायला यायला लागले. आमच्याकडे माणूस आजारी पडला की आख्खी गल्ली ग्लुकोजची बिस्किटं घेऊन येते आणि खाटेच्या कडेला बसून च्च च्च करते. "अरेरे, काय सोन्यासारखा हात होता!" होता म्हणे. मी जिवंत, हात खांद्याला लटकलेला, आणि ही मंडळी त्याचा दहावा घालून मोकळी. त्यांच्या दयेनं माझा दुसरा हातही थरथरायला लागला.

माझी बायको नवसाबाई. तिनं पेठकडच्या भगताला कोंबडं दिलं, त्र्यंबकला जाऊन शांती केली. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून मला गोळे कॉलनीतल्या वेड्यांच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. मी तिला म्हणालो, "वेडा हात झालाय, डोकं नाही." ती म्हणाली, "डोक्याचं मला लग्नापासून ठाऊक आहे. चला."

डॉक्टर लोकरे चाळिशीचे असतील. विलायतेत शिकलेले, डोईवर दाट केस, आवाज इतका हळू की मला वाटलं त्यांचीच तब्येत बरी नाही. मला वाटलं होतं हा शॉक देणार. शॉक दिला असता तर बरं, लवकर सुटलो असतो. हा माणूस नुसता प्रश्न विचारायचा आणि मी उत्तर दिलं की म्हणायचा, "आणि मग तुम्हाला काय वाटलं?" अहो, मला काय वाटतं हे मलाच विचारायचं तर नवसाबाईनं तुमचा जिना कशाला चढायचा? दोन वेळा मी त्यांना घाटावरच्या गमती सांगून वेळ काढला. ते हसले, पण घड्याळाकडे बघितलं नाही. च्च च्चही केलं नाही.

तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "लहानूभाऊ, तुमचे भाऊ कसे गेले?"

नवसाबाईनं सांगितलं असणार. मग मी बोललो.

पुंजादादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तोही न्हावी, रविवार कारंज्याजवळ त्याचं सलून. आमच्या वडिलांचा वस्तरा माझ्याकडे राहिला आणि त्यावरून दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दादा दवाखान्यात होता तेव्हा निरोप आला, वस्तरा माझ्या भिकाला दे. भिका त्याचा मुलगा. मी म्हणालो, स्वतः येऊन माग. पाचव्या दिवशी दादा गेला.

दहाव्याला भिकाचं डोकं मीच केलं, त्याच वस्तऱ्यानं. मग पिंड मांडला. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, हे नाशकात सांगायला लागत नाही. ओळीनं कावळे बसलेले, एक हलेना. वहिनी म्हणाली पोरीचं लग्न करू, भिका म्हणाला सलून चालवीन, साडू म्हणाला घराचे पत्रे बदलू. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गप्प. दीड तास झाला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी हात थरथरला.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाचा कावळा शिवला नाही, तर तुम्ही काय करता?"

हे मी बत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही. माझ्या पेटीत तुरटीखाली एक डबा असतो, त्यात शेव. पोरका पोरगा तासभर पिंडाकडे बघत उन्हात उभा राहिला, की मी सामान धुवायला म्हणून उठतो आणि पिंडापाशी चिमूटभर शेव टाकतो. कावळा शेवेला येतो, जाता जाता पिंडाला चोच मारतो. पोरगं ढसाढसा रडतं आणि घरी जाऊन जेवतं. कावळ्याचं तरी काय घेऊन बसलात, सकाळपासून वीस पिंड खाऊन त्याचं पोट भरलेलं असतं.

"मग त्या दिवशी डबा नव्हता?"

"होता. मांडीशीच होता."

"मग?"

"दादाला खोटा कावळा कसा देऊ? मला बघायचं होतं, तो मला माफ करतो का. नाही केलं." आणि मी रडलो. त्यांच्या टेबलावर कपाळ टेकून रडलो, बाहेर बाकावर लोक बसलेले असताना. डॉक्टरांनी रुमाल दिला नाही की पाठीवर थोपटलं नाही. खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसले, बस.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "माझे वडील त्रेसष्ट साली गेले. शेवटी आजारी होते, मी आलो नाही. परीक्षा होती. पोचलो तो थेट दहाव्याला. मला खात्री होती कावळा शिवणार नाही. आणि तो पटकन आला. त्या एका कावळ्याच्या जिवावर मी चौदा वर्षं झोपतोय."

न्हावी तोंडं विसरतो, डोकी विसरत नाही. मी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. दोन भोवरे आणि डाव्या कानामागे जुनी खोक. हा लांबुडका पोरगा मला चांगला आठवत होता. ताठ उभा होता, रडतही नव्हता, आणि ते बघवत नव्हतं म्हणून मी चिमूट नाही, मूठभर शेव टाकली होती.

"त्या दिवशी घाटावरचा न्हावी तुम्हीच का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे हो. आणि तुमचा कावळा खरा होता. शेवेचा कावळा तिरका येतो, उड्या मारत. खरा सरळ येतो. तुमचा सरळच आला असणार."

डॉक्टर हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. "काय सफाईनं खोटं बोललात हो. माझ्या डोक्याकडे बघितलंत तेव्हाच मला कळलं. आणि तरी मला बरं वाटलं, बघा." मग म्हणाले, "लहानूभाऊ, सगळ्या नाशकाला शेव टाकलीत. पुंजाच्या धाकट्या भावानं तेवढं काय घोडं मारलंय तुमचं?"

मी घरी गेलो आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

अमावस्येला सकाळी भिकाला घेऊन घाटावर गेलो. माझ्या पायरीवर दहीभाताचा गोळा ठेवला. वडिलांचा वस्तरा भिकाच्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हणालो, "दादा, वस्तरा भिकाला दिला. उशीर झाला, कारण मी हट्टी आहे. तूही काही कमी नव्हतास." कावळ्यांनी ढुंकून बघितलं नाही. मी डबा उघडला आणि सगळ्यांदेखत शेव टाकली.

"काका, हे काय?" भिका म्हणाला.

"तुझ्या बापाला शेव आवडायची."

कावळा आला. तिरका, उड्या मारत. शेव खाल्ली आणि भाताला चोच मारून गेला. तो शेवेचा कावळा होता हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी माझी छाती हलकी झाली.

गुरुजी येऊन उभेच होते. "हात दाखव, लहानू." तेवढ्यात भिका माझ्यासमोर बसला, वस्तरा माझ्या हातात दिला आणि हनुवटी वर केली. "काका, माझी दाढी करा." हात थोडा हलत होता. भिका मात्र मान जराही न हलवता, डोळे मिटून बसला होता. दाढी झाली. कानाखाली एक बारीक चीर पडली, तिच्यावर मी तुरटी फिरवली.

"एक लागली," गुरुजी म्हणाले.

"एकच ना?" भिका म्हणाला. "माझ्या बापाच्या हातून तीन तरी लागायच्या."

गुरुजी मान डोलवत गेले आणि पायरी माझ्याकडेच राहिली. पुंजादादाच्या हातून उभ्या जन्मात कुणाला एकही चीर पडली नव्हती.