फळ्याच्या कडेवरचे ठिपके

मित्रांनो, आज माझ्या अंगावर खडूच्या दोनच ओळी आहेत. त्या कोणत्या, ते मी शेवटी सांगेन. आधी माझी हकिकत ऐकलीत तरच त्या तुम्हाला कळतील. घाई नसेल तर बसा. मी काही कुठे पळून जाणार नाही. भिंतीला टांगलेला जुना काळा फळा आहे मी.

माझा जन्म एका खोक्याच्या झाकणातून झाला. वाचनालय नवे उघडले तेव्हा पहिली पुस्तके एका मोठ्या लाकडी खोक्यातून आली. पुस्तके कपाटात गेली आणि खोके जळणात जाणार होते. सुताराने झाकणावर बोटे वाजवून पाहिली आणि म्हणाला, "हे जाळू नका. याला अजून काम आहे." त्याने मला रंधा मारला, चारही बाजूंनी रुंद कडा बसवली आणि काळ्या रंगाचे तीन हात दिले. एकेक हात वाळायला दोन दोन दिवस लागले. मी अगदी कंटाळून गेलो होतो. पण त्या न केलेल्या घाईवरच मी आजवर टिकलो आहे.

मला वाचनालयाच्या दारात, आत येणाऱ्याच्या नजरेसमोर लावले. तिथे माझी आणि ग्रंथपाल बाईंची गाठ पडली.

बाई एकट्या राहत. रोज सकाळी कुलूप उघडले की हात धुवायच्या, क्षणभर डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि मग खडू घ्यायच्या. वरच्या अर्ध्यात लिहायच्या, 'आजचे पुस्तक'. कधी मुंग्यांच्या वारुळावरचे, कधी एकटीने समुद्र ओलांडलेल्या बाईचे प्रवासवर्णन, कधी आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी याचे. खालच्या अर्ध्यात लिहायच्या, 'आजचा नेम'. नेम अगदी साधे असत. अंथरुणाची घडी आधी, बाकी जग नंतर. दहा पाने वाचलीत की मान वर करून लांबचे झाड बघा. दुसरा बोलत असताना मनात आपले उत्तर जुळवू नका. उद्याचे एकच मोठे काम आज कागदावर लिहून ठेवा.

पण मित्रांनो, यातली खरी गोष्ट कोणाला दिसत नसे. ती माझ्या उजव्या कडेवर होती. कोणताही नेम बाई आधी स्वतः पाळत. एक दिवस पाळला की कडेवर खडूचा एक ठिपका. दिवस चुकला की सगळे ठिपके पुसून पुन्हा पहिल्यापासून. एकवीस ठिपके सलग झाले की तो नेम कडेवरून माझ्या अंगावर यायचा; तोवर जुनेच नेम फिरून येत. झाडलोट करणाऱ्या मावशी हसत. म्हणत, "बाई, लोकांना कुठे कळतंय तुम्ही केलंत की नाही ते?"

"फळ्याला कळतं ना," बाई म्हणायच्या.

हे ऐकून माझी छाती किती फुगली असेल, विचारू नका.

रोज सकाळी दुकान उघडायला जाताना शिंपीकाका माझ्यापुढे थांबत. गळ्यात टेप, कानावर निळा खडू. माझ्यावरचा प्रत्येक नेम ते करून बघत आणि दुसऱ्या दिवशी बाईंना निकाल सांगत. "ते लांबचं झाड बघायचं भारी आहे हो बाई. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो आता." किंवा, "उत्तर न जुळवता ऐकलं काल बायकोचं. ती घाबरली. म्हणाली, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

असे चांगले दिवस चालले होते. तरी एक गोष्ट मला आत टोचत असे, आणि तीही तुम्हाला सांगायला हवी.

बाईंची एक धाकटी बहीण होती, दुसऱ्या गावी राहणारी. तिचे यजमान अंथरुणाला खिळले. त्या दिवशी बाईंनी वाचनालय बंद झाल्यावर माझ्यावर एक यादी लिहिली. अशा काळात धाकटीने वाचावीत अशी सात पुस्तके आणि पाळावेत असे पाच नेम. दोनदा पुसून क्रम बदलला, मग सुवाच्य अक्षरात कागदावर उतरवून घेतली आणि पुस्तकांसोबत पाठवली. मला वाटले, माझ्या अंगावर याहून चांगले काही लिहिले गेलेच नसेल.

पंधरा दिवसांनी तोच कागद परत आला. मागच्या बाजूला एकच ओळ होती. बाईंनी ती माझ्यासमोर उभे राहून, अगदी हळू आवाजात वाचली. "ताई, सात पुस्तकं कळली. तू कधी येणार, ते यात कुठेच नाही."

बाई दुखावल्या. आपण इतक्या मायेने पाठवले आणि हिने असे लिहावे, असे त्यांना वाटले. जाऊ जाऊ म्हणता महिना गेला, आणि एक दिवस यजमान गेल्याची बातमी आली, तीही आठ दिवस उशिरा. मग दुखावणे मागे पडले आणि लाज पुढे आली. लाज फार चिवट असते, मित्रांनो. मावशींनी एकदा सुचवून पाहिले, "अहो, सख्खी बहीण आहे, जाऊन या." बाई म्हणाल्या, "कोणत्या तोंडाने जाऊ?" अशी सहा वर्षे गेली. एकवीस दिवसांचे कितीतरी नेम त्या काळात पुरे झाले. बहिणीकडे जायच्या त्या एका नेमाचा पहिला ठिपका मात्र कधी पडला नाही.

मग बाईंचा पाय मुरगळला. रोज पहाटे चालायचा नेम अठराव्या ठिपक्यावर तुटला. कडा कोरी झाली आणि हाताशी एकही नवा पिकलेला नेम उरला नाही. तशात एका सकाळी त्या लंगडत उशिरा पोहोचल्या. दारात चार माणसे उभी होती, त्यांत शिंपीकाका होतेच. बाईंनी घाईने खडू उचलला. घाईत माणसाच्या मनातले खरे तेवढेच खडूतून उतरते. त्यांनी लिहिले, "आजचा नेम: ज्या माणसाकडे जायचे राहून गेले आहे, त्याच्याकडे आज जाऊन या."

माझी कडा कोरी होती. मला कळत होते. पण फळ्याला खोकताही येत नाही.

बाकीचे वाचून आत गेले. शिंपीकाका तिथेच थांबले. त्यांचा थोरला भाऊही शिंपी, त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. एका कोटाच्या मापावरून दोघांचे बिनसले होते. टेप कोणाची चुकली, यावर अकरा वर्षे अबोला.

काका म्हणाले, "बाई, हा नेम जड आहे हो."

"जड आहे खरा."

"पण तुम्ही लिहिलाय म्हणजे तुम्ही करून बघितलेला असणार. म्हणून एवढंच विचारतो. दारात उभं राहिलं, दार उघडलं, की पहिलं काय बोलायचं?"

बाईंच्या हातात खडू तसाच राहिला. पुस्तकातून सांगता येईल अशी ही गोष्ट नव्हती. जो जाऊन आला आहे, त्यालाच ती ठाऊक.

"तेवढं सांगा, मी आत्ता जातो," काका म्हणाले. "बाकीचं मी बघून घेईन. पहिलंच वाक्य अडतंय माझं. अकरा वर्षं अडतंय."

"उद्या सांगते, काका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला कसाबसा ऐकू आला.

काका गेल्यावर बाईंनी ओले फडके घेतले आणि ती ओळ पुसली. दुसऱ्या दिवशी माझा खालचा अर्धा भाग रिकामा होता. माझ्या आयुष्यात असे प्रथमच घडत होते. लोक विचारू लागले, "बाई, आज नेम नाही?" मावशी कपाट पुसता पुसता म्हणाल्या, "नेम पिकला नाही अजून. कच्चा खाल्ला तर पोटात दुखतं." काका आले, रिकामी जागा पाहिली आणि काही न विचारता निघून गेले. त्यांचे ते न विचारणे बाईंना फार लागले असावे. कारण तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप काढले ते फक्त मला बाहेर आणण्यापुरते. दाराबाहेर मला टेकवून ठेवले आणि माझ्यावर लिहिले, "वाचनालय आज बंद. मी जाऊन येते."

इतक्या वर्षांत बाईंनी सांगून घेतलेली ती पहिली सुट्टी. तो दिवस मी उन्हात काढला. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचले, हळहळले, परत गेले. मी मात्र एकच विचार करत होतो. दार उघडले नाही तर? मुरगळल्या पायाने ही बाई तशीच परत येईल, आणि मग पुन्हा कधी खडू हातात धरेल का?

चौथ्या दिवशी बाई आल्या. हात धुतले, डोळे मिटून उभ्या राहिल्या, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मला आत घेऊन जागेवर लावले. मग माझ्या उजव्या कडेवर एक ठिपका काढला. एकच. शिंपीकाका दारात येऊन उभे होते, हे त्यांना वळल्यावर दिसले.

"काका, तुमची क्षमा मागते," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तो नेम मी न पाळता लिहिला होता. काल पाळला. आता विचारा."

"पहिलं काय बोललात?"

"काही नाही. बोलताच आलं नाही. बसमध्ये चार वाक्यं जुळवली होती, दारात एकही आठवेना. तिने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि म्हणाली, 'पायाला काय झालं?'"

काकांनी बाईंच्या पायाकडे पाहिले.

"मग मला बसवलं. गरम पाण्यात पाय ठेवायला लावला. पाणी निवलं की नवीन ओतायची. दोघी तासभर पायाबद्दलच बोललो. सहा वर्षांचं बोलणं नंतर आलं, आपोआप. रडणंही त्याच्यामागून आलं." बाईंनी खडू खाली ठेवला. "पहिलं वाक्य आपलं नसतंच, काका. आपण फक्त दारात उभं राहायचं."

"माझे तर दोन्ही पाय धड आहेत, बाई."

"तरी जा. तो काहीतरी शोधून काढेल."

काका गेले. दुसऱ्या दिवशी निकाल सांगायला आले तेव्हा कोरड्या चेहऱ्याने म्हणाले, "दार उघडून म्हणतो कसा, शर्टाची कॉलर कोणी शिवली ही, वाकडी आहे." मग त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. "काढून घेतला शर्ट. उसवून नीट करून दिला. मी तसाच बनियनवर बसलो त्याच्या दुकानात."

दोनएक महिन्यांनी एका दुपारी एक बाई वाचनालयात आल्या. बाईंसारखेच नाक, पण चाल भरभर. ही धाकटी, हे मी बघताच ओळखले. तिने मला वरपासून खालपर्यंत वाचले आणि पिशवीतून एक पुस्तक काढले. पक्षी ऋतूंप्रमाणे देश कसे बदलतात, त्यावरचे. त्या सातांतले तिसरे.

"ताई, हे मी तेव्हाच वाचायला घेतलं होतं. त्यांच्या उशाशी बसून, मोठ्याने," ती म्हणाली. "त्यांना फार आवडायचं. औषधापेक्षा याची वाट बघायचे. मी तुझ्यावर रागावले होते ना, म्हणून कळवलं नाही." तिने पुस्तकातली खूण दाखवली. "शेवटची वीस पानं राहिली. एकटीला वाचवेनात."

त्या दुपारी खिडकीजवळ बसून दोघी बहिणींनी ती वीस पाने वाचली. यादी लिहून घेतल्याचे जे शल्य मी सहा वर्षे बाळगत होतो, ते त्या दिवशी थोडे हलके झाले. पुस्तक वाईट नव्हते, मित्रांनो. सोबत माणूस जायचा राहिला होता, इतकेच.

पुढे माझेही दिवस फिरले. वाचनालयात गुळगुळीत पांढरा फळा आला, रंगीत पेनांनी लिहायचा. मला कपाटामागे ठेवले. माझ्यावर केरसुणी टेकवली गेली, ओली पोती पडली, एका कोपऱ्यातून रंग फुगून सुटला. दोन वर्षे माझ्यावर कोणी एक अक्षर लिहिले नाही. मग बाई निवृत्त झाल्या. निरोपाला काय हवे, असे त्यांना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "कपाटामागचा फळा द्या."

आता मी धाकटीच्या स्वयंपाकघरात आहे. बाईही तिथेच राहतात. त्यांची नजर फार मंदावली आहे, म्हणून माझ्यावर धाकटी लिहिते आणि रोज दुपारी ताईला पुस्तक वाचून दाखवते. वाचन झाले की बाई उठून, बोटांनी माझी कडा चाचपून, स्वतः एक ठिपका काढतात. एकवीस कधीच उलटून गेले. आता ते कोणी मोजत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला कोरड्या हाताने खसाखसा पुसू नका. ओल्या फडक्याने हलकेच पुसा. ओल लागेल तिथे उभा करू नका. आणि त्याच्यावर दुसऱ्यासाठी काही लिहाल, तर आधी त्याच्या कडेवर एक तरी ठिपका स्वतःचा असू द्या.

आता त्या दोन ओळी. आज सकाळीच धाकटीने लिहिल्या आहेत, मोठ्या अक्षरात:

आजचे पुस्तक: कालचेच, पान एकशे बारापासून.
आजचा नेम: ताईजवळ बसणे.